आकडा कळल्यानंतर : बारामती-इंदापूरच्या औषध दुकानांतील तपासणी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



बारामती आणि इंदापूर तालुक्यांत डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला आपल्या म्हशीच्या दुधाचं फॅट दिवसातून दोनदा कळतं. संकलन केंद्रावर नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे आकडे उमटतात, पावती हातात पडते आणि त्यावर दर ठरतो. फॅट थोडं घसरलं तरी माणूस केंद्रचालकाला जाब विचारतो, पेंड बदलून बघतो, जनावराच्या डॉक्टरला बोलावतो. त्याच माणसाला विचारा, तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? उत्तर येतं, "मला काय धाड भरलीय?" पुढे कधी तरी ऐन पन्नाशीत एका बाजूचा हात लुळा पडतो, जीप करून त्याला बारामतीला आणि तिथून पुण्याला हलवतात, आणि तिथे कळतं की बीपी कित्येक वर्षांपासून वाढलेलं होतं.

स्मृतिव्याख्यानात गेलेल्या माणसाचे गुण सांगण्याची रीत आहे. ज्यांच्या नावे आपण इथे जमतो, त्यांना कामाचं बोलणं अधिक आवडलं असतं असं समजून मी थेट विषयाकडे येतो. गावातल्या मेडिकलच्या काउंटरवर रक्तदाब, साखर अशा लगेच निकाल देणाऱ्या तपासण्या कराव्यात का, केल्या तर कशा, आणि कोणत्या अजिबात करू नयेत, हा माझा विषय आहे.

"कराव्यात का" हा प्रश्न खरं तर मागे पडला आहे. तपासण्या सुरू झालेल्या आहेत. निमगाव केतकी, भिगवण, सणसर, पणदरे, सुपे, कुठल्याही बाजारगावच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी उभे राहा. कोणी तरी येतं, "दादा, जरा बीपी बघता का?" म्हणतं, आणि दादा गल्ल्याशेजारचं यंत्र पुढे सरकवतो. बहुतेक ठिकाणी हे पैसे न घेता, ओळखीपोटी, भल्या मनाने होतं. पण ते कुठे लिहिलं जात नाही. आकडा वाढलेला निघाला तर पुढे काय करायचं हे ठरलेलं नसतं. माणूस आकडा ऐकतो, घाबरतो किंवा हसण्यावारी नेतो, आणि निघून जातो.

लोक मेडिकलकडेच का वळतात, हे नीट पाहिलं पाहिजे. दवाखाने कमी आहेत असं म्हणून भागत नाही. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, महिला रुग्णालय आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय, भिगवणला ग्रामीण रुग्णालय आणि त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं आहेत. अडचण वेळेची आहे. सरकारी ओपीडी चालते सकाळी, आणि सकाळी माणूस उसाच्या फडात, डाळिंबाच्या बागेत, नाही तर एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला असतो. शिर्सुफळकडच्या जिराईत भागातून किंवा भीमा-नीरेच्या संगमावरच्या नीरा नरसिंहपूरहून तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली. मेडिकल रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उघडं असतं. तिथे केसपेपर काढावा लागत नाही, रांग नसते, आणि मागचा माणूस आपल्याला नावाने ओळखतो. आरोग्यसेवेची उंबऱ्याजवळची जागा म्हणून औषध दुकान लोकांनी स्वतःच निवडलं आहे.

गरज किती मोठी आहे, याचे आकडे आपल्याकडे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडिॲब या पाहणीचे पहिले निष्कर्ष २०११ मध्ये आले. तेव्हा महाराष्ट्रात वीस वर्षांवरील लोकांत ८.४ टक्के जणांना मधुमेह आणि १२.८ टक्के जणांना त्याची पूर्वावस्था आढळली होती. याच पाहणीचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले: मधुमेह ११.४ टक्के, पूर्वावस्था १५.३ टक्के आणि उच्च रक्तदाब ३५.५ टक्के. म्हणजे तीन प्रौढ माणसांमागे एकाचा रक्तदाब वाढलेला.

"मी तर काटक, मला कुठली शुगर?" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलंच उत्तर आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो आणि मोजमापं छापली. दोघांचा बीएमआय अगदी एकसारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता-बालकांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवून दिलं की आपली बाळंही जन्मतःच वजनाने हलकी पण चरबीने पुढे असतात. तेव्हा डोळ्यांनी बघून हा आजार ओळखता येणार नाही. मोजावंच लागेल.

डॉक्टर नसलेल्या माणसाने मोजलं तर चालेल का, अशी शंका येते. महाराष्ट्राने तिचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने बाळाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधं साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि त्याखाली मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर श्वास जलद. ज्यांना शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं त्यांनी या साधनाने अचूक निदान केलं, आणि गावातली बालमृत्यूंची संख्या घटली. पण लाल मणी आल्यावर काय करायचं, कोणतं औषध किती द्यायचं, कोणत्या बाळाला पुढे पाठवायचं, हे त्या कार्यकर्तीला आधी शिकवलेलं होतं. साधनाइतकंच त्या शिकवण्याचंही ते यश होतं.

याच्या उलट अनुभव आपण करोनाच्या काळात घेतला. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविसेल्फ या घरच्या घरी करायच्या चाचणीला मान्यता मिळाली. किंमत २५० रुपये, निकाल पंधरा मिनिटांत, आणि मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय उपलब्ध. काम चोख होतं, आणि एका मराठी शहरातून ते झालं याचा मला अभिमान वाटतो. चाचणीचा निकाल ॲपवर कळवावा, अशी अपेक्षा होती. अनेकांनी कळवलाच नाही. तिसऱ्या लाटेत, जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महापालिकेला औषध दुकानदारांना सांगावं लागलं की किट कोण नेतो त्याची नोंद ठेवा. घराघरांत पॉझिटिव्ह निघालेल्या माणसांचा कुणाला पत्ता नव्हता. चाचणी लोकांच्या हातात आली, पण तिच्या पुढचं काम कुणाच्याच अंगावर टाकलेलं नव्हतं.

हेच आज मला सांगायचं आहे. यंत्र विकत घ्यायला एक दुपार लागते. आकडा दिसल्यापासून तो माणूस उपचारांपर्यंत पोहोचेपर्यंतचं काम दुकानदाराने, डॉक्टरने आणि आरोग्य खात्याने मिळून आधी ठरवलं नसेल, तर काउंटरवरची तपासणी सुरूच करू नये. ती नुसती करमणूक होते, आणि वाईटात वाईट म्हणजे विक्रीचं निमित्त होते.

आता प्रत्यक्ष काउंटरवर येऊ.

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या गावी दुपारी एक शेतकरी साखर तपासायला येतो. नुकताच बागेतून आला आहे, किंवा गुऱ्हाळावरून. बोटं चिकट आहेत. फार्मसिस्टने स्पिरिटचा बोळा फिरवला, बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. आकडा आला २६०. माणसाचा चेहरा उतरला. खरं काय झालं? बोटावर राहिलेली फळाची किंवा गुळाची साखर रक्ताच्या थेंबात मिसळली. फळ सोलल्यानंतर नुसत्या स्पिरिटने बोट पुसलं तर ग्लुकोमीटर खोटा वाढीव आकडा दाखवतो, आणि हात पाण्याने धुतले तर आकडा जागेवर येतो, हे जपानी संशोधकांनी द्राक्षं, संत्री, किवी घेऊन दाखवलं आहे. इंदापूरची द्राक्षं, डाळिंबं, पेरू आणि दोन्ही तालुक्यांतला ऊस पाहता, आपल्याकडे तपासणीच्या खुर्चीआधी हात धुवायला बेसिन, साबण आणि कोरडा कागद लागेल. हात धुवावेत, पूर्ण कोरडे करावेत, बोटाच्या शेंड्यावर न टोचता कडेला टोचावं, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा, आणि थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नये. पिळलं की पेशींमधलं पाणी रक्तात मिसळतं.

पट्टीवर एक विकर असतो. तो रक्तातल्या ग्लुकोजशी क्रिया करतो, त्यातून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो आणि यंत्र त्या प्रवाहावरून आकडा काढतं. या विकराला उष्णता आणि दमट हवा सोसत नाही. बहुतेक पट्ट्या तीस अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि बारामतीचा एप्रिल-मे चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या टपरीत, उन्हं येणाऱ्या काचेच्या कपाटात किंवा झाकण उघडं राहिलेल्या डबीत ठेवलेल्या पट्टीचा आकडा भरवशाचा नसतो. फ्रीजमध्येही ठेवू नये. डबी उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहावी, आणि कंपनीने सांगितलेले महिने संपले की उरलेल्या पट्ट्या टाकून द्याव्यात, त्या कितीही महाग असल्या तरी.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. रक्त पातळ असेल, म्हणजे तांबड्या पेशी कमी असतील, तर ग्लुकोमीटर साखर खरीपेक्षा जास्त दाखवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे काउंटरवर आलेल्या बाईचा साखरेचा आकडा तिच्या रक्तक्षयामुळे वर गेलेला असू शकतो. यंत्र अगदी उत्तम असलं तरी आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभराच्या वरच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणून बोटाच्या थेंबावरून कुणालाही "तुम्हाला मधुमेह झालाय" असं सांगायचं नाही. त्याचं निदान प्रयोगशाळेत, शिरेतल्या रक्तावर होतं: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, आणि तेही डॉक्टरच्या निर्णयाने.

रक्तदाबाचं मोजमाप सोपं वाटतं आणि तिथेच चुका जास्त होतात. माणूस मोटारसायकल लावून आत येतो, गालात तंबाखू, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, हात लोंबता आणि शेजारच्याशी उसाच्या बिलाबद्दल बोलणं चालू. आकडा १६० दिसतो. यातली एकेक गोष्ट आकडा वाढवते. पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, हात छातीच्या पातळीला आणि उघड्या दंडावर मापाचा पट्टा. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री झालेली नसावी. मोजताना दोघांनीही बोलायचं नाही. एका मिनिटाने पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. दहा चौरस मीटरच्या दुकानात, कायद्याने किमान तेवढी जागा लागते, गर्दीच्या वेळी हे जमत नाही. तर गर्दीच्या वेळी करू नका. दुपारी दोन ते पाच किंवा रात्रीचा शेवटचा तास ठरवा आणि दारावर पाटी लावा.

सुरुवात या दोनच तपासण्यांनी करावी, असं माझं ठाम मत आहे. मागून वजन, पोटाचा घेर, ऑक्सिजनचं प्रमाण आणि दम्याच्या रुग्णासाठी पीक फ्लो मीटर येऊ शकेल. टायफॉइडची कार्ड टेस्ट, डेंग्यूची पट्टी, हार्ट ॲटॅकचं कार्ड हे काउंटरवर आणू नका, कंपनीचा प्रतिनिधी कितीही मार्जिन देवो. या चाचण्यांचा अर्थ तापाचा कितवा दिवस आहे, लक्षणं काय आहेत, यावर लागतो, आणि तो लावण्याचं शिक्षण आपल्याकडे नाही. क्षयरोगाच्या रक्तावरच्या चाचण्यांनी आपल्या देशात किती घोटाळा केला हे आठवा. त्या इतक्या चुकीचे निकाल देत होत्या की केंद्र सरकारला जून २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घालावी लागली. तोवर हजारो लोकांनी त्यांच्या निकालावर औषधं घेतली किंवा थांबवली होती. क्षयरोगासाठी आज गोव्यात बनणारं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं उत्तम यंत्र आहे, पण त्याची जागा सरकारी आरोग्य केंद्रात आहे. एचआयव्हीची चाचणी समुपदेशनाशिवाय आणि संमतीशिवाय करणं २०१७ च्या कायद्याला धरून नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पॅथॉलॉजीच्या अहवालावर नोंदणीकृत पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टची सही हवी, असा निर्णय दिला. म्हणून फार्मसिस्टने लेटरहेडवर शिक्का मारून 'रिपोर्ट' देऊ नये. तो चाळणी लावून संशयित माणूस बाजूला काढतो आणि पुढे पाठवतो, एवढंच त्याचं काम. दुसरी गोष्ट, १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार औषध देणारा माणूस नोंदणीकृत फार्मसिस्ट असला पाहिजे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी त्याच्यावर रुग्णाला समजावून सांगण्याची आणि नोंदी पाच वर्षं ठेवण्याची जबाबदारी टाकली. २०२० च्या डी. फार्म. अभ्यासक्रमात तर औषध दुकानातली आरोग्य तपासणी हा धडाच आहे, त्याची प्रात्यक्षिकं आहेत. माळेगाव बुद्रुकच्या फार्मसी महाविद्यालयातली मुलं एकमेकांची बोटं टोचून हे शिकतात. मग नोकरीला लागतात आणि खोकी उचलतात.

आणि इथे एक कटू गोष्ट बोलावी लागेल. कित्येक दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं लावलेलं असतं आणि काउंटरवर दुसराच असतो. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. दुकान उघडं असेल तोवर फार्मसिस्ट हजर हवा, हा कायद्याचा साधा आग्रह त्यांनी धरला, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला हे अनेकांना आठवत असेल. मी त्या वेळीही त्यांच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. भाड्याच्या प्रमाणपत्रावर चालणाऱ्या दुकानाने तपासणीची पाटी लावू नये. बारावी झालेल्या पोऱ्याने गल्ला सांभाळावा, हरकत नाही. बोट त्याने टोचू नये.

टोचण्यात रक्त आहे, म्हणून धोका आहे. एकच लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, किंवा सुई बदलून तेच टोचण्याचं पेन अनेकांना वापरल्याने कावीळ ब पसरल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. एकदाच वापरता येणारं, टोचताच आपोआप निकामी होणारं लॅन्सेट घ्यावं, दर माणसागणिक हातमोजे बदलावेत, यंत्र पुसावं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे लॅन्सेट पांढऱ्या, सुईने न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत जातो. तो कचरा उचलणाऱ्या अधिकृत केंद्राशी करार झाला नसेल, तर रक्ताची तपासणी सुरू करू नये, रक्तदाबच मोजावा. दुकानामागच्या उकिरड्यावर पडलेली सुई झाडू मारणाऱ्या बाईच्या पायात जाते.

पैशाचं काय? फुकट करावं असं मला वाटत नाही. पट्टी, लॅन्सेट, हातमोजे आणि फार्मसिस्टचा वेळ यांना किंमत आहे. जे घ्यायचं ते पाटीवर लिहून घ्यावं. पण मोजणारा आणि औषध विकणारा एकच असला की मोह होतो, हे आपण आपल्या तोंडाने कबूल केलं पाहिजे. १५० आकडा दाखवून शेजाऱ्याला लागू पडलेली अम्लोडिपिनची पट्टी पुढे करणं फार सोपं आहे. ते बेकायदा आहे आणि घातकही. म्हणून नियम असा करावा की ज्या दिवशी काउंटरवर आकडा वाढलेला निघाला, त्या दिवशी त्या माणसाला बीपीचं, साखरेचं औषध, काढा, पावडर, 'शुगर फ्री' बिस्कीट यातलं काहीही विकायचं नाही. चिठ्ठी आणेल तेव्हा द्यायचं. आणि कुठल्याही डॉक्टरकडून किंवा लॅबकडून रुग्ण पाठवल्याचा कट घ्यायचा नाही. एकदा कटाची कुणकुण गावाला लागली की तपासणीवरचा विश्वास संपला.

मग पाठवायचं कुठे आणि कशावरून? दोन वेळा मोजून १४०/९० किंवा वर असेल तर आठवड्याभरात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा त्याचा नेहमीचा डॉक्टर. १८०/११० च्या वर असेल तर त्याच दिवशी. छातीत दुखत असेल, बोलणं अडखळत असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर आकडा पुन्हा मोजत न बसता १०८ ला फोन. साखर जेवणाच्या वेळेचा विचार न करता १४० च्या वर आली तर सरकारी कार्यक्रमाप्रमाणे पुढच्या तपासणीला पाठवायचं. २०० च्या वर असून तहान, लघवी, वजन घटणं अशी लक्षणं असतील तर दुसऱ्याच दिवशी. सत्तरच्या खाली असेल आणि घाम, थरथर असेल तर तिथेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. हा कागद गावच्या डॉक्टरशी बोलून, त्यांच्या सहीने भिंतीवर लागला पाहिजे.

आणि वही. तारीख, नाव, वय, गाव, वेळ, जेवण झालं होतं का, आकडे, कुठे पाठवलं. शेवटचा रकाना "गेला का?" हा. तो रकाना भरण्यासाठी फार्मसिस्टला दहा दिवसांनी फोन करावा लागेल, आशाताईला विचारावं लागेल, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला महिन्यातून एकदा वही दाखवावी लागेल. हा रकाना रिकामा ठेवणाऱ्या दुकानाने कितीही बोटं टोचली तरी गावाचं एकही आयुष्य वाचणार नाही. वहीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये, आकडा मोठ्याने वाचायचा नाही. लग्नाच्या मुलीची साखर गावभर झाली तर पुन्हा कुणी बाई हात पुढे करणार नाही.

लॉस एंजेलिसमध्ये झालेला एक प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय पुरुषांच्या ५२ केशकर्तनालयांत रक्तदाब वाढलेल्या ३१९ गिऱ्हाइकांना दोन गटांत विभागलं. एका गटात न्हाव्यांनी रक्तदाबाबद्दल बोलून डॉक्टरकडे जायला सांगितलं. दुसऱ्या गटात फार्मसिस्ट दुकानात येऊन, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीने, तिथेच औषधोपचार करू लागले. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा ९ ने उतरला, दुसऱ्याचा २७ ने. नुसतं "डॉक्टरकडे जा" म्हणणं आणि उपचार हातात पोहोचवणं यातला फरक इतका असतो. आपल्या कायद्यात फार्मसिस्टला औषध बदलता येत नाही, आणि आज ती मागणी मी करणारही नाही. पण ज्याला गोळी सुरू झाली, तो दर महिन्याला ती नेतो का, हे मेडिकलवाल्याइतकं कुणालाच कळत नाही. पट्टी संपायची तारीख उलटली आणि माणूस आला नाही, तर एक फोन करणं कायद्यात बसतं.

बारामतीकडून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला तेव्हा पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर सातारा होता. ठरलेला औषधक्रम, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, आणि न आलेल्याचा पाठपुरावा, एवढ्यावर तो उभा आहे. हीच कार्डं औषध दुकानांतही चालली पाहिजेत. आपल्याकडे तर त्याला आणखी एक कारण आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा या पाच कारखान्यांच्या फडांवर बीड, अहिल्यानगरकडून तोडकरी येतात. गावाकडून आणलेल्या बीपीच्या गोळ्या महिन्याभरात संपतात, इथे ओळखीचा डॉक्टर नसतो, आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत बाई-माणूस गोळीशिवाय कोयता चालवतं. त्यांची नोंद आपल्या वहीत राहून उपयोग नाही. आकडे आणि औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड त्यांच्या पिशवीत गेलं पाहिजे, म्हणजे मार्चनंतर गावाकडच्या डॉक्टरला ते वाचता येईल.

यंत्रांची परीक्षाही व्हायला हवी. दुधाच्या यंत्रावर आपण संशय घेतो तेवढाच या यंत्रावर घेतला पाहिजे. महिन्यातून एकदा कंपनीच्या कंट्रोल द्रावणाने ग्लुकोमीटर तपासावा. सहा महिन्यांनी रक्तदाबाची यंत्रं महाविद्यालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेऊन खात्रीच्या यंत्राशी ताडून पाहावीत. फार्मसी महाविद्यालयांनी हे काम आपलं म्हणून घ्यावं, आणि वर्षातून एक दिवस दुकानदारांना पुन्हा शिकवावं.

माझी विनंती दोन्ही तालुक्यांच्या औषध विक्रेता संघटनांना आहे. दसऱ्याच्या आत, कारखान्यांची गाळपं सुरू होण्याआधी, तालुका आरोग्य अधिकारी आणि खासगी डॉक्टरांच्या प्रतिनिधींना एका टेबलाशी बोलवा. कुठल्या आकड्याला कुणाकडे पाठवायचं, आणि तो माणूस पोहोचला हे दुकानदाराला कोण कळवणार, एवढे दोनच प्रश्न त्या दिवशी सोडवा आणि उत्तरांवर सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्या दुकानात फार्मसिस्ट खरोखर बसतो अशी पाच-सहा दुकानं प्रत्येक तालुक्यात निवडा, बाजारगावांतली आणि कारखान्यांजवळची. त्यांनी पहिला हंगाम फक्त रक्तदाब आणि साखर मोजावी. एप्रिलमध्ये त्यांच्या वह्या उघडून शेवटचा रकाना मोजा, आणि बाकीच्या दुकानांनी पाटी लावायची की नाही ते त्यावर ठरवा.